आपला हात खाली, त्यांचा हात वर : वृद्धाश्रमात सेवेला जाणाऱ्यांसाठी स्पर्शाविषयी

वृद्धाश्रमात पहिल्यांदा सेवेला येणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती असते, या आजी-आजोबांशी बोलायचं काय? बोलण्याची काळजी करू नका. गाव कुठलं, मुलं किती, एवढं विचारलं की पुढचा तासभर तेच बोलतात. खरा अवघडलेपणा असतो तो हातांचा. आपले हात कुठे ठेवायचे, त्यांचा हात हातात घ्यायचा का, पाठीवर हात ठेवला तर त्यांना आवडेल का, हे कोणी सांगत नाही. मी गेली अकरा वर्षं दर शनिवारी अशा एका ठिकाणी जाते. तिथं निम्म्याहून जास्त माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. चुका करत जे शिकले, ते इथे नीट लिहिते आहे.

एकदा एका आजींच्या खाटेशी दिवसभर बसून मी मोजलं, त्यांना किती वेळा हात लागतो. सकाळचं स्पंजिंग, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, बीपीचा पट्टा, साखर बघायला बोटाला टोचणं, भरवणं, तोंड पुसणं. वीसच्या वर आकडा गेला. प्रत्येक हात काहीतरी करायला आला आणि काम झाल्यावर निघून गेला. मावशींना यात बोल लावू नका. एका पाळीत एकीच्या वाट्याला दहा-बारा जणं असतील तर ती बसणार कधी? पण आजींच्या बाजूनं पाहा. वीस वेळा हात लागला आणि तरी दिवसभरात कोणी त्यांना नुसतं म्हणून धरलं नाही. आपल्याजवळ कसलंच काम नसतं, हीच आपली जमेची बाजू आहे.

घरून निघताना

नखं कापा. अंगठ्या, घड्याळ, कड्या, टोकदार बांगड्या घरी ठेवा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. अंगठीच्या कोपऱ्यानं ओरखडा आला तर तो भरायला कधीकधी महिना लागतो. अत्तर, सेंट नको. सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

पोचल्यावर साबणानं पाऊणएक मिनिट हात धुवा, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना सॅनिटायझर लावा. मग हात एकमेकांवर घासून ऊबदार करा. ही सूचना साधी वाटते, पण हिवाळ्यात गार हात लागला की निम्मी माणसं दचकतात.

त्यानंतर सिस्टरना विचारा. कोणाला काय आजार आहे याची खाजगी माहिती मागू नका, एवढंच विचारा, "आज कोणाला कुठे हात लावायचा नाही?" त्या सांगतील. अमक्यांना खरूज झालीय, तमक्यांचा डावा खांदा दुखतो, या आजोबांच्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडून केलेला फिस्टुला आहे, त्या आजी रक्त पातळ करायची गोळी घेतात, जरा दाबलं तरी काळंनिळं होतं. खरूज स्पर्शानं पसरते, तिथं उपचार पूर्ण होईपर्यंत लांबूनच बोला.

समोरून या, खाली बसा

पहिल्याच महिन्यात मी एका आजींना मागून जाऊन मिठी मारली होती. त्या खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, फार एकट्या वाटल्या. त्या किंचाळल्या, माझ्या दंडावर नखं उमटली, आणि पुढे दोन तास त्या थरथरत होत्या. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि भान हरपत नेणारा आजार होता. या आजारात माणसाला बाजूचं कमी दिसायला लागतं, नजर जणू नळीतून जाते. मागून आलेला हात त्यांच्या लेखी कोठूनही आलेला नसतो, तो अचानक अंगावर असतो. त्या थरथरण्याची जबाबदारी माझी होती, आणि ती मी आजही विसरलेले नाही.

म्हणून समोरून या. चार-पाच पावलांवर थांबा, नजर भेटू द्या, नाव सांगा. "आजी, मी शनिवारी येते ना, ती." मग बाजूला स्टूल घेऊन बसा, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडे खाली येतील असे. खाटेच्या कडेवर बसू नका. ती खाट म्हणजे त्यांचं उरलेलं सगळं घर आहे. "बस इथं" म्हणाल्या तरच बसा. ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी आधी बोला, मग हात. त्यांना चालवायचं असेल तर त्यांना धरून ढकलू नका, आपलं कोपर पुढे करा, त्यांना ते धरू द्या.

हात मागा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. आपला हात वरून नेऊन त्यांच्या हातावर ठेवू नका. आपला तळवा आभाळाकडे करून त्यांच्या हाताजवळ, अंथरुणावर ठेवा. आणि थांबा.

वरून ठेवलेला हात म्हणजे पकड. त्याखालून हात काढून घ्यायला जोर लागतो, आणि ज्यांच्यात तो जोर नाही ते निमूट सोसतात. आपल्याला वाटतं त्यांना आवडलं. खाली ठेवलेल्या हातावर मात्र त्यांना स्वतःहून हात ठेवावा लागतो, आणि नको वाटेल तेव्हा नुसता उचलता येतो. काही जण लगेच ठेवतात. काहींना तीस-चाळीस सेकंद लागतात, तेवढा वेळ रिकामा हात पसरून बसणं जड जातं, पण बसा. एका आजोबांनी चौथ्या शनिवारी ठेवला.

शब्दांनी विचारायलाही हरकत नाही. "हात धरू का?" असं सरळ विचारा. मात्र ज्यांना बोलता येत नाही त्यांचं "नको" अंगातून वाचायला शिका. मूठ आवळली जाते, खांदा कानाकडे सरकतो, मान फिरते, श्वास क्षणभर अडतो. यातलं एकही दिसलं तर हात काढून घ्या आणि तिथंच बसून राहा. उठून जाऊ नका. नाही म्हटलं तरी हा माणूस जात नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. आणि मागच्या आठवड्याचा होकार या आठवड्याला चालत नाही, दर वेळी नव्यानं मागा.

कुठे

हात, कोपराखालचा भाग, खांदा, पाठीचा वरचा भाग. नवख्यानं एवढ्यातच राहावं.

गालाला हात लावणं, हनुवटी धरणं, डोक्यावर टपली मारणं नको. पंचविशीतली मुलं ऐंशीच्या आजींचे गाल ओढून "कित्ती गोड" म्हणतात, ते पाहून मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे डोक्यावरून हात मोठ्यांनी फिरवायचा असतो. त्यांचं मोठेपण शाबूत ठेवणारा स्पर्श आपल्याच रीतीत आहे. वाकून नमस्कार करा. अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावण्याची परवानगी आपल्या समाजानं जिथं आधीच देऊन ठेवलीय अशी ही एक जागा. तुम्ही पायांना हात लावता आणि त्यांचा हात आपसूक तुमच्या डोक्यावर येतो. कित्येक महिने ज्यांनी कोणाला हात लावला नव्हता, त्या आजी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडतात, तेव्हा माझी आला-बला घेऊन त्या स्वतः ताठ बसतात. घेण्याइतकीच देण्याची भूक असते. त्यांना द्यायला आपलं डोकं पुढे करा.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांमध्ये जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. या आजारात नसा बधिर होतात, हातापायांना बऱ्याचदा स्पर्श कळतच नाही. अशा माणसाचा हात कितीही प्रेमानं धरला तरी तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला बघून कळतं, अंगाला कळत नाही. तिथं खांद्यावर, पाठीवर हात ठेवा. भीती असेल तर ती आधी काढून टाका, उपचार झालेल्या माणसाला हात लावल्यानं काही होत नाही. ती भीती मात्र खरी असते आणि थोरामोठ्यांनाही झालेली आहे. वरोऱ्यात पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटे आधी घाबरून पळाले होते. मग परत फिरले आणि त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली उभं राहू लागलेलं आनंदवन त्या परत फिरण्यातून आलं. तुम्ही पहिल्या दिवशी दचकलात तर अपात्र ठरत नाही, दुसऱ्या दिवशी जा.

किती हळू

आपण कोणाचं सांत्वन करायला लागलो की हात भराभर चालतो, थोपटण्याचाही धपाधप आवाज येतो. तो आपल्या अस्वस्थतेचा वेग असतो.

त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की जे हळुवार हात फिरवण्यालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांमध्ये त्यांचा बराच अभ्यास केला. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगात, आणि अंगाइतक्या ऊबदार हाताला, ते उत्तम जागे होतात. फार जलद किंवा फार सावकाश, दोन्हींनी प्रतिसाद मंदावतो. हे तंतू लव असलेल्या त्वचेत भरपूर आहेत, तळहातावर जवळजवळ नाहीत. म्हणजे हात धरणं चांगलंच, पण जिवाला निवांत करायचं असेल तर कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवा.

मोजून बघा. कोपर ते मनगट अंतर पाव मीटरच्या आसपास. हात तेवढं जायला आठ सेकंद लागले पाहिजेत, म्हणजे तुमचा एक संथ श्वास आत आणि एक बाहेर. तळव्याचा पूर्ण भार टेकू द्या. बोटांच्या टोकांनी केलं तर गुदगुल्या होतात किंवा खाज सुटते. दोन-तीन मिनिटं फिरवून मग हात नुसता ठेवा.

निमित्त शोधा

नुसता हात धरून बसणं बऱ्याच जणांना ओशाळवाणं वाटतं, विशेषतः आयुष्यभर घरात दुसऱ्यांचं करत आलेल्या बायकांना. त्यांना निमित्त द्या. डोक्याला कोमट खोबरेल तेल, फणीनं विंचरणं, उरल्यासुरल्या केसांची बारीकशी वेणी. केस विंचरताना खालून वर जा, आधी टोकं सोडवा. नेलपॉलिश, मेंदी, हाताला क्रीम. एका आजींना मी दर खेपेला त्यांच्याच जुन्या पातळाच्या निऱ्या धरायला लावते. त्या माझे हात धरून दाखवतात, निरी कशी घ्यायची ते.

तळव्यांना काशाच्या वाटीनं तूप चोळणं आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि ज्यांना चालतं त्यांना ते स्वर्ग वाटतं. मात्र मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा जखम असेल तर वाटी आणू नका. सिस्टरना विचारल्याशिवाय पायांना काहीच नको. तूप-तेलाचे पाय घेऊन फरशीवर उभं राहू देऊ नका, आधी कोरडे पुसा.

विधवा आजींच्या बाबतीत जरा थांबून विचार करा. कुंकू, गजरा, हिरव्या बांगड्या यांपासून त्यांना चाळीस-चाळीस वर्षं दूर ठेवलेलं असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण खोलीत शिरतो आणि त्या भिंतीकडे तोंड करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी मी एका आजींना वाचून दाखवली. त्यांनी कपाळ पुढे केलं. शेजारच्या आजींनी हात जोडून नको म्हटलं. दोघींचं मी तितकंच मानलं. बांगडी चढवायला विचारा, आग्रह करू नका.

आजोबांना स्पर्श सगळ्यांत कमी मिळतो. आजींना कोणीतरी जवळ घेतं तरी. पुरुषांच्या बाबतीत सगळे हात आखडतात. त्यांना दाढी करून द्या (हात थरथरत नसेल आणि सिस्टरनी परवानगी दिली असेल तरच, आणि इलेक्ट्रिक मशीननं), पत्ते खेळा, शेकहँड करा, हाताला धरून व्हरांड्यात फेरी मारा. आणि टाळी! गमतीचं काही बोलले की पुढे येणारा तो पंजा कधी हुकवू नका. आमच्याकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टर आजोबांशी माझा सगळा स्पर्शसंबंध टाळीचा आहे, अकरा वर्षांत हात धरून बसायची वेळ आली नाही.

शिवू नको

मराठीत "शिवणं" हा शब्द ऐकताच काहींच्या मनात काय जागं होतं याचं भान ठेवा. आज ऐंशी-नव्वदीत असलेली पिढी सोवळ्या-ओवळ्यात वाढली. त्यातल्या काहींना पाणवठ्यावर लांब उभं केलं गेलं. काही बायका दर महिन्याला चार दिवस बाजूला बसल्या. अशा एका आजोबांनी माझा हात धरला नाही, आधी म्हणाले, "चालतंय ना तुम्हाला?" मला उत्तर सुचलं नाही, मी त्यांच्या ताटातली पोळी तोडून खाल्ली. उलटही घडतं. कोणी मावशींची जात विचारून पाणी नाकारतं. तिथं वाद घालू नका, पण दुजोराही देऊ नका. त्याच मावशींच्या खांद्यावर त्या माणसासमोर हात ठेवून दोन शब्द बोला. तसंही दिवसभर दुसऱ्यांना उचलणाऱ्या त्या बाईचा हात कोणी धरत नाही.

इथे हात नको

टाचा, माकडहाड, खुबा अशा हाडाच्या जागी कातडी लाल दिसली तर ती चोळू नका. रक्त खेळतं व्हावं म्हणून चोळावंसं वाटतं, मीही चोळलं आहे. पण आतलं दबलेलं मांस त्यानं आणखी दुखावतं आणि बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, वाढतो. सिस्टरना दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मालिश अजिबात नको, आत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच सांगा. लकव्याच्या बाजूचा हात ओढून कोणाला उठवू नका, खांदा निखळतो. फिस्टुलाचा हात दाबायचा नाही. कॅन्सरच्या गाठीवर आणि रेडिएशन दिलेल्या त्वचेवर तेल, मालिश नको. नळ्या, सलाईन, लघवीची पिशवी यांना आपला हात लागणार नाही असं बसा.

संस्थेचा नियम काहीही असो, हे स्वतःपुरते पाळा. खोलीचं दार उघडं ठेवा. कपडे बदलणं, स्वच्छता ही कामं प्रशिक्षित माणसांची. धरलेल्या हाताचे फोटो काढू नका. अंगावर कारण सांगता न येणारे वळ दिसले, किंवा ठरावीक माणूस आला की आजी आक्रसतात असं जाणवलं, तर व्यवस्थापनाला सांगा. तिथं दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

बालगृहात जाणार असाल तर यातलं बरंच उपयोगी पडेल, पण तिथं मर्यादा कडक आहेत. मुलांसोबत एकट्यानं बसू नका, मांडीवर घेऊ नका, मूल बिलगलं तर बाजूनं खांद्यावर हात. ओळख नसताना धावत येऊन गळ्यात पडणारं मूल तुमच्यावर जडलेलं नसतं, ते कोणावरही जडायला तयार झालेलं असतं. महिन्यातून एकदा येऊन मिठ्या मारून जाणाऱ्यांपेक्षा, दर आठवड्याला येऊन नुसता शेजारी बसणारा त्याला जास्त हवा. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८.

पकड सोडवताना

डिमेन्शिया फार पुढे गेला की हातात आलेली वस्तू माणूस घट्ट पकडतो, त्यावर त्याचा ताबा नसतो. तुमचं बोट अशा मुठीत अडकलं तर ओढू नका, ओढल्यानं मूठ आणखी आवळते. दुसऱ्या हातानं त्यांच्या मनगटावरून, हाताच्या पाठीवरून सावकाश हात फिरवा. मूठ सैल होते. मग तिथं गुंडाळलेला रुमाल ठेवा. आणि "सुमन" म्हणून हाक मारली तर "मी सुमन नाही" म्हणू नका, "मी सुमन" असंही म्हणू नका. "हं, बोला" पुरतं.

शेवटच्या दिवसांत

१९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र. अशा केंद्रांत स्वयंसेवकांना आधी शिकवून मगच खाटेशी बसवायची पद्धत असते. जवळ असं केंद्र असेल तर तिथलं प्रशिक्षण घ्या. मी इथे थोडंच सांगते. हातपाय गार पडू लागतात, ते चोळून गरम करायचा प्रयत्न करू नका. पांघरूण घाला. हात फिरवणंही थांबवा, आता ते जास्त होतं. खाली तळवा, वर त्यांचा हात, एवढंच राहू द्या. बोट किंचित हललं तर कळेल. नातेवाईक आले तर स्टूल लगेच त्यांना द्या, आणि त्यांना हात कसा ठेवायचा ते दाखवा. मुलगे हमखास पायाशी उभे राहतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की धरलं तर चालतं. "बसा, हात असा ठेवा," एवढं म्हटलं की ते बसतात.

निघताना

एकदम हात काढून उठू नका. पाच मिनिटं आधी सांगा, "आता मी निघणार." मग सांगा कधी येणार, पण नक्की येणार असाल तरच वार सांगा. त्यांचा हात दुसऱ्या हातानं अलगद उचलून त्यांच्याच छातीवर किंवा उशीवर ठेवा, म्हणजे तो उघड्यावर राहत नाही. नमस्कार करा. डोकं जरा जास्त वेळ खाली ठेवा, काही आजींचा हात सावकाश येतो.